टेबल बदलले, नोकरी राहिली

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेले आणि ते ओसरल्यानंतर आमच्या कार्यालयातील जवळजवळ सर्वांनाच पंचनाम्यांच्या कामावर पाठवण्यात आले. मी तेव्हा सांगलीतील एका स्थानिक स्वराज्य संस्थेत वरिष्ठ सहायक होतो आणि नोकरीला सोळा वर्षे झाली होती. नदीकाठच्या एका गावात दिवसभर पडकी घरे पाहून, पाण्याची रेषा भिंतीवर कुठपर्यंत चढली होती ते मोजून आणि घरमालकांच्या सह्या घेऊन आम्ही परतत होतो. सात वाजत आले होते, आभाळ भरलेले होते, गावात वीज नव्हती. सोबतचे दोघे बोलत पुढे निघाले आणि मी रस्त्याकडेच्या उघड्या गटारात कमरेपर्यंत गेलो. पंचनाम्यांचा गठ्ठा हाताने वर धरला होता म्हणून तेवढा कोरडा राहिला. मला वर ओढून घेताना एका सहकाऱ्याने विचारले, "अहो, एवढे मोठे गटार दिसले नाही?" तेव्हा मी कार्यालयातील माणसाला पहिल्यांदा खरे उत्तर दिले. "नाही दिसले. अंधार पडला की मला काहीच दिसत नाही."

रातांधळेपणा मला लहानपणापासून होता. कवलापूरला संध्याकाळी अंगणात जेवायला बसलो की ताटातील वाटी मी चाचपून शोधत असे आणि गाजरे खाल्ली की डोळे बरे होतील, अशी आईची समजूत होती. पुढे मी अंधाराभोवती आयुष्य बेतून घेतले. दिवेलागणीच्या आत घरी पोहोचायचे, रात्रीच्या वरातीला बायकोच्या दंडाला धरून जायचे, नाटकाला जायचेच नाही. २००३ मध्ये रुजू होताना झालेल्या वैद्यकीय तपासणीत भर दुपारी भिंतीवरचा तक्ता वाचायला लावला होता. तो मी खालच्या ओळीपर्यंत वाचला. रात्रीचे कोणी विचारले नाही आणि मीही सांगितले नाही. हे न सांगणे पुढे माझ्याविरुद्ध मांडले गेले, म्हणून ते येथे आधीच लिहून ठेवतो.

पुढच्या महिन्यात मिरजेला नेत्रतज्ज्ञांकडे गेलो. तेथे माझ्या नजरेचे क्षेत्र मोजले. एका पांढऱ्या अर्धगोलासमोर हनुवटी टेकवून बसायचे, एक डोळा झाकायचा, मधल्या ठिपक्यावरून नजर हलवायची नाही आणि अर्धगोलात कुठेही प्रकाशाचा बिंदू दिसला की हातातील बटण दाबायचे. यंत्राचा बारीक आवाज सतत येत होता, म्हणजे बिंदू कुठे ना कुठे उमटत होते, पण माझे बोट बटणावर तसेच राहिले. मधूनच एखादा बिंदू अगदी समोर येई, तेवढा मी टिपत असे. दोन्ही डोळ्यांचे कागद छापून आले तेव्हा त्यांवर सगळीकडे काळे आणि मध्यभागी एक लहानसा पांढरा डाग होता. डॉक्टरांनी रोगाचे नाव सांगितले, रेटिनायटिस पिगमेंटोसा. दृष्टिपटलातील ज्या पेशी अंधुक उजेडात आणि कडेचे पाहतात, त्या या आनुवंशिक रोगात आधी मरतात. मधोमध रंग आणि बारीक अक्षर पाहणाऱ्या पेशी बहुतेकदा शेवटपर्यंत तग धरतात. म्हणून मी वर्तमानपत्र वाचू शकत होतो आणि त्याच वेळी बाजूने येणारी सायकल मला दिसत नव्हती.

कायद्याचे म्हणणे डॉक्टरांनीच पहिल्यांदा समजावून दिले. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या अनुसूचीप्रमाणे चांगल्या डोळ्याचे दृष्टिक्षेत्र १० अंशांपेक्षा कमी असेल, तर मधल्या नजरेने कितीही वाचता येत असले तरी ती व्यक्ती अंध ठरते. माझे तसे होते. या एका वाक्याचा अर्थ कार्यालयातील माणसांना पटवून देण्यात माझी पुढची अडीच वर्षे गेली, कारण मी त्यांच्यासमोर कागद हातात धरून वाचत होतो.

साहेबांनी मला दालनात बोलावले आणि सहानुभूतीनेच सांगितले की, तब्येतीपुढे नोकरी मोठी नाही. स्वेच्छानिवृत्तीला लागणारी वीस वर्षांची सेवा माझी झालेली नव्हती, त्यामुळे वैद्यकीय मंडळाकडून अपात्र ठरवून घ्यावे आणि रुग्णता निवृत्तिवेतन घेऊन घरी बसावे, असा त्यांचा सल्ला होता. त्यांचा हेतू वाईट नव्हता असे मला आजही वाटते. परंतु माझी मुलगी तेव्हा सातवीत होती, मी एकेचाळीस वर्षांचा होतो आणि मला काम येत होते. मी विचार करतो म्हणून बाहेर आलो. त्या रात्री माझ्या डोळ्यांपुढे सारखा आप्पांचा उजवा हात येत होता.

आप्पा म्हणजे माझे वडील. १९८४ मध्ये, मी सहा वर्षांचा असताना, एका लहान तेलगिरणीत पट्ट्यात सापडून त्यांच्या उजव्या हाताची तीन बोटे गेली. अंगठा आणि तर्जनी तेवढी उरली. कामगार नुकसानभरपाईचा १९२३ चा कायदा तेव्हा होता आणि त्याची पहिली अनुसूची मी मोठा झाल्यावर वाचली. तिच्यात माणसाच्या शरीराचा दर ठरवलेला होता. अंगठा गेला तर कमावण्याची शक्ती ३० टक्के गेली असे धरायचे, अख्खी तर्जनी गेली तर १४, एका हाताची दोन बोटे गेली तर २०, तीन गेली तर ३०, चारही गेली तर ५०. पूर्ण बहिरेपणाला १०० टक्के. कायमच्या संपूर्ण अपंगत्वाला जी रक्कम मिळाली असती तिचा ३० टक्के हिस्सा आप्पांना, दोन वर्षे फेऱ्या मारल्यावर, मिळाला. तेवढ्यावर कायद्याचे काम संपले. गिरणीत त्यांना परत घ्यावे, तराजूवर बसवावे, आवक मोजायला ठेवावे असे त्या कायद्यात कुठेही लिहिलेले नव्हते आणि मालकालाही ते सुचले नाही. आई मार्केट यार्डात हळद निवडायला जाऊ लागली. आप्पा दुसऱ्यांच्या शेताला रात्रीचे पाणी पाजायला जात. सत्तर टक्के शक्ती उरली आहे असे ज्यांच्याबद्दल सरकारी कागद सांगत होता, त्या माणसाला त्या सत्तर टक्क्यांचे काम कोणी दिले नाही.

मिरजेत माझे एक ज्येष्ठ मित्र आहेत. ते जन्मांध आहेत आणि बँकेतून टेलिफोन ऑपरेटर म्हणून निवृत्त झाले. मी त्यांच्याकडे गेलो तो केवळ कुठे अर्ज करायचा हे विचारायला, पण त्यांनी मला आधी सगळा मागचा प्रवास ऐकवला आणि तो ऐकल्यामुळेच माझी भीती गेली. मिरजेला मिशनचे कुष्ठरुग्णालय होते हे मला माहीत होते. परंतु १८९८ च्या कायद्याने कुष्ठरुग्णांना, सरकार अधिसूचना काढेल त्या भागात, खाण्यापिण्याचे पदार्थ, औषधे आणि कपडे विकण्यास आणि भाड्याचे वाहन हाकण्यासही मनाई करता येत असे आणि तो कायदा २०१६ मध्ये रद्द होईपर्यंत पुस्तकात होता, हे मला त्यांच्याकडून कळले. म्हणजे माणसाला काम मिळवून देणे दूरच, त्याचे असलेले काम कायद्याने काढून घेण्याची सोय होती.

त्यांच्या मते काम देण्याचा विचार सरकारांना सुचला तो युद्धांमुळे. सैनिक कर्तव्यावर जायबंदी झाला की त्याला भीक मागू देणे राज्यकर्त्यांना लाजिरवाणे वाटते. गिरणीतला मजूर जायबंदी झाला तर तसे वाटत नाही. दुसऱ्या महायुद्धात दृष्टी गेलेल्या सैनिकांसाठी १९४३ मध्ये डेहराडूनला सेंट डन्स्टन्स वसतिगृह निघाले आणि त्यातूनच १९५० मध्ये प्रौढ अंधांचे प्रशिक्षण केंद्र उभे राहिले. ब्रिटनने १९४४ मध्ये वीसपेक्षा कमी नसलेल्या कामगारांच्या आस्थापनांना ३ टक्के अपंग कामगार ठेवण्याचे बंधन घातले, पण त्याच कायद्याखाली खास अपंगांसाठी म्हणून राखून ठेवलेली कामे दोनच होती, लिफ्ट चालवणे आणि गाड्यांच्या तळावर राखण करणे. हे सांगताना त्यांचा आवाज चढला. ते म्हणाले, "आमच्याकडेही तेच. आंधळा म्हटला की खुर्ची विणायची, पेटी शिकवायची, नाहीतर टेलिफोन. मला टेलिफोन मिळाला आणि मी तो तीस वर्षे सांभाळला. पण मला हिशेब येत होता, तो कोणी विचारला नाही." आमच्या जिल्ह्याचेच उदाहरण त्यांनी दिले. पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले, १९७२ मध्ये हायडेलबर्गला ५० मीटर पोहण्यात भारताला पॅरालिम्पिकमधील पहिले सुवर्णपदक मिळवून दिले आणि पुढे पुण्याला टेल्कोत नोकरी केली. आज त्यांचे नाव सर्वांना ठाऊक आहे, पण माझ्या शाळेत ते कोणी कधी उच्चारले नव्हते. उच्चारले असते तर मी अंधार लपवण्यात इतकी वर्षे घालवली नसती.

१९५९ मध्ये मुंबईला अपंगांसाठी खास सेवायोजन कार्यालय निघाले. १९७७ पासून केंद्र सरकारच्या तृतीय आणि चतुर्थ श्रेणीच्या पदांत ३ टक्के राखीव जागा आल्या. १९८१ हे संयुक्त राष्ट्रांनी अपंगांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले. मित्राची नोकरी त्याच काळातील. तथापि हे सर्व शासनाच्या आदेशांवर चालले होते. हक्क म्हणून कायद्यात लिहिले गेले ते १९९५ मध्ये. त्या कायद्याच्या ३३ व्या कलमाने राखीव जागा दिल्या हे पुष्कळांना माहीत असते. माझ्या उपयोगाचे कलम ४७ वे होते. सेवेत असताना अपंगत्व आले म्हणून कर्मचाऱ्याला काढता येणार नाही, त्याचा दर्जा कमी करता येणार नाही, ते काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीच्या दुसऱ्या पदावर न्यावे आणि तसे पद नसेल तर अधिसंख्य, म्हणजे मंजूर पदांपेक्षा जादा, पद निर्माण करून त्यावर ठेवावे. कुणाल सिंग नावाच्या जवानाचा डावा पाय कर्तव्यावरील दुखापतीनंतर कापावा लागला आणि त्याला रुग्णता निवृत्तिवेतन देऊन घरी पाठवले होते. निवृत्तिवेतन दिले म्हणून ४७ व्या कलमाचे संरक्षण संपत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये सांगितले. मी ज्या वर्षी नोकरीला लागलो त्याच वर्षी हा निकाल झाला होता आणि साहेब मला देत असलेल्या सल्ल्याचे उत्तर त्यात सोळा वर्षांपूर्वीच लिहिलेले होते. २०१६ च्या कायद्यात हीच तरतूद कलम २०(४) म्हणून आली. भारताने २००७ मध्ये अपंगांच्या हक्कांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा करार मान्य केला, त्याला धरून हा नवा कायदा झाला. तो १९ एप्रिल २०१७ ला लागू झाला, त्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मानले आणि राखीव जागा ४ टक्के केल्या.

मित्राने मला दोनच गोष्टी करायला सांगितल्या. वैद्यकीय मंडळाकडे अपात्र ठरवून घ्यायला जायचे नाही, प्रमाणपत्र घ्यायला जायचे. आणि तोंडी काही बोलायचे नाही, प्रत्येक कागदाची पोच घ्यायची.

प्रमाणपत्राचे काम टाळेबंदीमुळे लांबले. संगणकावर अर्ज भरल्यावर तारीख मिळाली, त्या दिवशी दृष्टिक्षेत्र मोजण्याचे यंत्र बंद होते, पुन्हा तारीख मिळाली. रांगेत माझ्यापुढे जतहून आलेले एक आजोबा होते. नातवाच्या पाठुंगळीवर बसून ते दुसऱ्यांदा आले होते आणि त्यांचे डॉक्टर त्या दिवशीही रजेवर होते. माझे काम २०२० च्या अखेरीस झाले. दिव्यांगांना मिळणाऱ्या वैश्विक ओळखपत्रावर ८० टक्के आणि त्याहून अधिक अपंगत्वासाठी निळी पट्टी असते, ती माझ्या कार्डावर आली. हे कार्ड हातात घेताना मला दुःख होईल असे घरच्यांना वाटत होते. मला प्रत्यक्षात हायसे वाटले. इतकी वर्षे जे सावरून धरले होते ते आता सावरायची गरज नव्हती.

जानेवारी २०२१ मध्ये मी कलम २०(४) खाली अर्ज दिला आणि आवक शिक्क्याची पोच घेतली. चार महिने उत्तर नव्हते. कायद्याच्या २३ व्या कलमाप्रमाणे प्रत्येक शासकीय आस्थापनेत तक्रार निवारण अधिकारी असावा लागतो आणि तक्रार नोंदल्यापासून दोन आठवड्यांत चौकशी व्हावी लागते. आमच्याकडे असा अधिकारी कोण, हे कोणालाच सांगता येईना. मग माहितीच्या अधिकारात माझ्याच अर्जाचे काय झाले ते विचारले. तिसाव्या दिवशी नस्तीच्या, म्हणजे फाइलच्या, प्रती मिळाल्या. अर्ज आस्थापना शाखेतून विधी शाखेत आणि तेथून परत आस्थापनेत असा दोनदा फिरला होता आणि चारही वेळा त्यावर "चर्चा करावी" एवढेच लिहिलेले होते. मी स्वतः अठरा वर्षे नस्त्यांवर असे शेरे लिहिले आहेत. आपला शेरा ज्याच्या अर्जावर पडतो त्या माणसाच्या घरी काय होते, याचा विचार मी तेव्हा केला नव्हता आणि याची मला मनापासून खंत आहे.

शेवटी अर्जावर उत्तर आले. त्यात दोन मुद्दे होते. रोग आनुवंशिक असून सेवेत येण्यापूर्वीपासून होता, तो मी लपवला, त्यामुळे हे अपंगत्व सेवेत असताना आलेले नाही, हा पहिला. माझ्यासाठी योग्य असे पद उपलब्ध नाही, हा दुसरा. मी पुण्याला राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार दाखल केली आणि सुनावणीची तारीख मिळेपर्यंत दुसऱ्या मुद्द्याच्या तयारीला लागलो.

ही तयारी हा या सर्व प्रक्रियेतील मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग आहे. आमच्या कार्यालयात एक ज्येष्ठ सहकारी आहेत, त्यांना सगळे ताई म्हणतात. ताई आणि मी दोन शनिवार बसून कार्यालयातील सहा टेबलांची कामे सुटी करून लिहून काढली. आवक टपाल फोडणे, हस्तलिखित अर्ज वाचणे, नोंदवहीत उतरवणे, स्थळपाहणी, टिपणी लिहिणे, पत्राचा मसुदा करणे, सभेची विषयपत्रिका आणि इतिवृत्त, दूरध्वनीवर पाठपुरावा. प्रत्येकापुढे त्याला डोळे कशासाठी लागतात ते लिहिले. स्थळपाहणी मला अशक्य होती, हस्तलिखित अर्ज अवघड होते आणि बाकीच्यांपैकी बहुतेक कामांना डोळ्यांपेक्षा नियमांची माहिती आणि भाषा लागत होती, ज्या दोन्ही माझ्याकडे होत्या. ताई म्हणाल्या, "भाऊ, सभेचे टेबल तुमचेच आहे की. इतिवृत्त लिहायला कोणी तयार नसते, आणि तुम्हाला तर कोण काय बोलले ते तारखेसह पाठ असते." पद उपलब्ध नाही असे लिहिणाऱ्यांनी पदांची यादी पाहिली होती. पदाच्या आत कोणकोणती कामे असतात हे कोणी सुटे करून पाहिले नव्हते. तिकडे ब्रिटनमध्ये लिफ्ट आणि गाड्यांचा तळ निवडणाऱ्यांनीही बहुधा असेच केले असावे.

२०२२ च्या सुरुवातीला सुनावणी झाली. पहाटेच्या एसटीने मी आणि माझी पत्नी पुण्याला गेलो. सुनावणी वीस मिनिटे चालली. पहिल्या मुद्द्यावर मी खोटे बोललो नाही. रातांधळेपणा होता आणि मी सांगितला नाही हे मान्य केले. परंतु २००३ मध्ये नियुक्ती देणाऱ्यांच्याच तपासणीत मी पात्र ठरलो होतो, त्यानंतर सोळा वर्षे काम केले होते आणि कायदा ज्याला अंधत्व म्हणतो ती अवस्था सेवेतच आली होती, हे दृष्टिक्षेत्राच्या कागदावरून दाखवले. दुसऱ्या मुद्द्यावर सहा टेबलांचा तक्ता दिला. त्याबरोबर विकास कुमार प्रकरणातील निकालाचा उल्लेख केला; लिहिताना हात आखडणाऱ्या एका परीक्षार्थीला लेखनिक नाकारल्याच्या त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ रोजी वाजवी सोय करून देणे हे बंधन असल्याचे विस्ताराने सांगितले आहे. माझ्या कार्यालयाच्या प्रतिनिधींनी अधिसंख्य पदाची तयारी दाखवली. म्हणजे पगार चालू राहील, काम नसेल. मी नम्रपणे सांगितले की, कायद्याने ती वाट पद नसेल तेव्हासाठी ठेवली आहे आणि येथे काम आहे.

आयुक्तांचा निर्णय ही कायद्याने शिफारस असते. ती मान्य करून तीन महिन्यांत कार्यवाही कळवावी लागते किंवा का मान्य नाही याची कारणे द्यावी लागतात. आमच्या कार्यालयाने मान्य केली. जूनमध्ये आदेश निघाला, सभा व पत्रव्यवहार कार्यासन, वेतनश्रेणी आहे तीच. आदेशाची प्रत घरी नेली तेव्हा आप्पा ओसरीवर बसले होते. मी वाचून दाखवली. त्यांनी विचारले, "पगार तेवढाच?" मी म्हणालो, तेवढाच. थोड्या वेळाने त्यांनी पुन्हा विचारले, "आणि काम आहे ना हाताला?" मी म्हणालो, आहे. मग ते उठून आत गेले.

टेबल मिळाले तरी काम लगेच जमले नाही. संगणकावरील मजकूर वाचून दाखवणारी एनव्हीडीए नावाची प्रणाली मी शिकलो. ती विनामूल्य मिळते, त्यामुळे खर्चाची मंजुरी मागण्याचा प्रश्न आला नाही. पहिल्या दिवशी कानाला हेडफोन लावून मी मागील वर्षाच्या सभेचे इतिवृत्त उघडले आणि यंत्र बोलू लागले, "एल एच के के." मला वाटले काही बिघडले. शेजारच्या तरुण लिपिकाने पडद्यावर पाहून सांगितले की, तेथे "सभा" असे लिहिले आहे. आमच्या कार्यालयातील वर्षानुवर्षांचा मजकूर कृतिदेवसारख्या जुन्या टंकात (फॉन्टमध्ये) होता. त्यात दिसायला देवनागरी असली तरी संगणकाच्या पोटात इंग्रजी अक्षरे साठवलेली असतात. स साठी एल, भ साठी एच आणि के, कान्यासाठी पुन्हा के. डोळ्यांना सभा दिसते आणि कानाला एल एच के के ऐकू येते. युनिकोडमध्ये देवनागरी अक्षर देवनागरी म्हणूनच साठते, त्यामुळे त्यात लिहिलेला मजकूर मात्र यंत्र नीट वाचते. शासनाने युनिकोड वापरण्याच्या सूचना दिलेल्या होत्या, पण हात जुन्या कळफलकाला सरावलेले होते. त्या तरुण लिपिकाने दोन महिने रोज जेवणाच्या सुट्टीत अर्धा तास घालवून जुनी इतिवृत्ते युनिकोडमध्ये बदलून दिली. त्यानंतर आणखी एक गोष्ट घडली जी कोणी योजली नव्हती. सर्वांनाच जुन्या ठरावांतील शब्द शोधून काढता येऊ लागले. पूर्वी एखादा ठराव हवा असला की तीन कपाटे उघडावी लागत.

स्कॅन करून ठेवलेल्या चित्ररूप कागदांचा प्रश्न अजून सुटलेला नाही. ते ताई किंवा तो लिपिक वाचून दाखवतात आणि त्या बदल्यात त्यांच्या पत्रांचे मसुदे मी करतो. जिन्याच्या प्रत्येक पायरीच्या कडेला चार बोटे रुंद पिवळा पट्टा मारून घेतला, त्याला एका डब्याएवढा रंग लागला. हिवाळ्यात मी सकाळी लवकर येऊन उजेड आहे तोवर निघतो. एवढ्याच काय त्या माझ्या सोयी. पांढरी काठी घेऊन मारुती चौक ओलांडायला शिकणे मात्र या सगळ्यापेक्षा कठीण गेले, कारण ती काठी उघडली की ओळखीची माणसे बोलायची थांबतात. आता पूर्वीइतकी थांबत नाहीत.

मला मिळालेले हे संरक्षण शासकीय आस्थापनेपुरते आहे. खासगी मालकांना कलम २०(४) लागू नाही. त्यांच्याकडील मनुष्यबळात किमान ५ टक्के दिव्यांग असावेत यासाठी सरकारने त्यांना प्रोत्साहन द्यावे, एवढेच कायदा म्हणतो. आप्पांची बोटे आज त्या तेलगिरणीत गेली असती, तर नुकसानभरपाईचा आकडा वाढला असता आणि त्यांना परत कामावर घेण्याचे बंधन मालकावर आजही आले नसते. अपंगांचे दिव्यांग असे नामांतर २०१५ नंतर झाले आणि आमच्या कार्यालयातील पाट्याही बदलल्या. कुपवाडच्या किंवा मिरजेच्या औद्योगिक वसाहतीत हात गमावलेल्या मजुराला मात्र आजही पैसे मिळतात आणि काम जाते. हा बदल कायद्यात व्हायला हवा, असे माझे स्पष्ट मत आहे. गेल्या वर्षभरात अशा तिघांनी मला दूरध्वनी केला. तिघांनाही मी आधी हेच विचारले की, त्यांच्या कारखान्यात कोणकोणती कामे चालतात ती एका कागदावर सुटी करून लिहिता येतील का. एकाने लिहून आणली आहेत. त्याचा डावा हात मनगटापासून गेला आहे आणि त्याच्या यादीतील चौदा कामांपैकी नऊ एका हाताने होण्यासारखी आहेत. तो कागद घेऊन आम्ही येत्या सोमवारी त्याच्या मालकांना भेटणार आहोत.

माझ्या स्वतःच्या पदोन्नतीचा अर्जही सध्या चालू आहे. मी राखीव जागेतून भरती झालेलो नाही, म्हणून दिव्यांगांच्या पदोन्नतीच्या आरक्षणात माझा विचार होणार नाही, असे मला तोंडी सांगण्यात आले. केरळमधील लीसम्मा जोसेफ यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जून २०२१ मध्ये सांगितले आहे की, कर्मचारी सेवेत कोणत्या मार्गाने आला यावर हा हक्क अवलंबून नाही. त्या निकालाची प्रत जोडून मी लेखी अर्ज दिला आहे आणि त्याची पोच घेतली आहे.